पाठकोऱ्या कागदावरचं इंग्लंड

नववीत असताना मी इंग्लंडच्या राजाचा पराभव वडिलांच्या सरकारी फॉर्मच्या पाठीवर केला. मूर्खपणा सगळा माझा. राजाचा त्यात काही दोष नव्हता.

राज्यांची फेररचना व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, म्हणून सरकारी खात्यांतल्या लोकांकडून फॉर्म भरून घेत होते : तुम्ही कुठल्या तुकड्यात जाणार? अप्पा मूळचे परभणीकडचे. त्यांचं ठरलेलं : औरंगाबादला जायचं, आपल्या माणसांत. आई म्हणाली, "माझी माणसं या गल्लीत आहेत." गल्ली हैदराबाद शहरातल्या बरकतपुऱ्यातली, आणि आईनं पंधरा वर्षं मुरवलेली. अप्पांनी फॉर्मवर सही ठोकली, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद! आई मला सांगायची, अप्पांना सांग, पान वाढलंय. अप्पा तिथंच दोन हातांवर पाटावर बसलेले. मी तोंड वळवून सांगायची, अप्पा, पान वाढलंय. (माझा टेलिफोन झाला होता. आणि टेलिफोनला जेवढं कळतं, तेवढंच मला कळत होतं.)

शिवाय मला वेळ कुठं होता? बाईंनी तिघी-तिघींचे गट करून इंग्लंडमधल्या यादवीची माहिती गोळा करायला सांगितली होती. राजा एकीकडे, पार्लमेंट दुसरीकडे, एकाच घरातली माणसं समोरासमोर. आमच्या गटात नसीम, लक्ष्मी आणि मी. ग्रंथालयात पुस्तक एकच, त्यातलीही अर्धी पानं आमच्याआधी वाळवीनं वाचलेली. नसीम पहिल्याच दिवशी राजाला जाऊन मिळाली, कारण चित्रात त्याचे केस सुंदर होते. लक्ष्मी कट्टर पार्लमेंटची. "इसकू समझा गे," नसीम मला म्हणायची, "राजा बोले तो राजाच रैता." दोघींचा अबोला झाला. लढाया कुठं झाल्या ते बाजूलाच राहिलं, आणि मी इकडचे निरोप तिकडे नेऊ लागले. (घरी तेच, शाळेत तेच, तरी डोक्यात काही प्रकाश पडला नाही!)

अखेर तह झाला : नकाशा मी काढायचा. आता आमच्या घरी कागद विकत आणायची पद्धत नव्हती. अप्पा ऑफिसातून रद्दीतले पाठकोरे कागद आणत. आमची गणितं, निबंध, पापडाचं प्रमाण, सगळं त्यांच्या पाठीवर. मी आईकडे जरा जाड कागद मागितला. ती गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "देवाच्या फळीवर पोथीखाली आहे तो घे." पुढच्या बाजूला इंग्रजी छापलेलं होतं. मला इंग्रजी चांगलं येत होतं. पण पाठकोऱ्या कागदाची पुढची बाजू वाचायची असते, हे आमच्याकडे कुणी शिकवलंच नव्हतं!

इंग्लंड झकास उतरलं. राजाचं सैन्य लाल, पार्लमेंटचं निळं. शाळेत कणकेची घट्ट खळ करून आम्ही ते पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि भिंतीवर टांगलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म द्यायची शेवटची तारीख. अप्पांना फॉर्म सापडेना. गाद्या उलथल्या, डाळींचे डबे पालथे झाले. मीही शोधत होते, सगळ्यांत जास्त उत्साहानं. वर सल्लाही दिला, की ऑफिसातच राहिला असेल. आई शांतपणे पोळ्या लाटत होती. अप्पा घाईनं निघाले, तर मी हट्ट धरला : नारायणगुड्यावरूनच जाताय ना, शाळा वाटेतच आहे, मग आमचा नकाशा बघूनच जा!

अप्पा नकाशासमोर उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, अभिमानानं गहिवरले.

"हे खाली काय आहे?"

"समुद्र, अप्पा."

"समुद्रात माझी सही आहे."

खळीच्या ओलीनं शाई फुटून इंग्लंडच्या दक्षिणेला अप्पांची सही उलटी तरंगत होती!

नसीमनं ओढणी भिजवून कागद सोडवायला घेतला. लक्ष्मी "मेल्लगा, मेल्लगा" करत हळू ओढायला सांगत होती. स्कॉटलंड अप्पांच्या हातात आलं. बाकीचं पुठ्ठ्यानं ठेवून घेतलं. अप्पा तो पुठ्ठा काखेत मारून ऑफिसात गेले. हेडक्लार्कनं म्हणे दोन्ही सैन्यं लक्षपूर्वक पाहिली आणि सांगितलं, नवे फॉर्म संपले, मुदतही संपली. ज्याचा फॉर्म नाही, तो आहे तिथंच.

आम्ही राहिलो. अप्पा माझ्याशी बोलेनात. मग पान वाढल्याचा निरोप आणणार कोण? नाइलाजानं त्यांना आईशी बोलावं लागलं. पुढं बरीच वर्षं काचीगुडा स्टेशनाहून औरंगाबादच्या गाडीची शिट्टी आली, की त्यांचा घास क्षणभर हातातच थांबायचा. तेव्हा मी ताटाकडे बघायची.

नसीमला मात्र खात्री होती, की मी हे मुद्दाम केलं. "क्या दिमाग लडाई गे तू!" मी नाही म्हटलं नाही. तिला सोडून जायचं नव्हतं, हे तर खरंच होतं. हळूहळू मलाही ते पटलं. अप्पा गेल्यानंतर तर मी ही कथा जावयांना, नातवंडांना सांगू लागले : मी, वय वर्षं चौदा, एकटीनं घर हैदराबादेत कसं राखलं!

एकदा आईसमोरच रंगवून सांगत होते. ती थकली होती, पण गवार मोडायचं काम कुणाला देत नसे. मान वर न करता म्हणाली, "तू कसलं राखतेस? मला इंग्रजी येत नव्हतं गं, पण नवऱ्याची सही ओळखू येते."