काटा मध्यावर आला तेव्हा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि ती तर तेव्हा माझ्या शेजारी उभी होती.

आधीच सांगून टाकतो, ती दुपार आठवली की अजूनही माझ्या अंगात आनंद सळसळतो. हेच वाईट आहे ना?

आम्ही परराज्यात, पिपलानीत राहायचो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. मी पुण्याहून आलेला नवा इंजिनियर. जुनी गाडी घेतली आणि हौसेनं तिच्या सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवला, डॅशबोर्डवर मीटर. इंजिनात हवा आणि पेट्रोल किती प्रमाणात जळतंय ते काटा दाखवणार! अख्ख्या कॉलनीत होतं कुणाकडे असं? पाइप मीच उतरवला, मीच परत जोडला.

पण काटा सतत एका टोकाला — पेट्रोल कमी, हवा जास्त.

खालच्या क्वार्टरमध्ये वानखेडे राहायचे. मूळचे नागपूरचे, आमच्याच कारखान्यात टेक्निशियन, रिटायरमेंटला आलेले. रविवारी निम्मी कॉलनी आपल्या स्कूटरी, गाड्या त्यांच्याकडे घेऊन यायची. तिथल्याच बिट्टन मार्केटजवळ स्वतःचं गॅरेज टाकायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, कान दिला.

"इंजिन एकदम ठीक आहे, साहेब. तुमचा काटाच गडबड करून राहिला."

मीटर खोटं आणि यांचा कान खरा? मला कसं पटणार! "पेट्रोल वाढवा," मी म्हणालो. ते नको म्हणाले. मी पुन्हा सांगितलं — साहेबी आवाजात. त्यांनी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवला.

आठवड्यात गाडी काळा धूर ओकायला लागली. तिथल्या शिवाजी नगरच्या चौकात बंदच पडली, मागच्या सीटवर आमचे मोठे साहेब सहकुटुंब बसलेले. "गाडीला हात कुणी लावला होता?" त्यांनी विचारलं. "वानखेडेंनी." — खोटं तर नव्हतं, नाही का?

पुढच्या रविवारी मी एकटाच गाडीशी झोंबलो. इंजिन थंड असतानाच चालू केलं, पाइपाच्या सांध्यावर साबणाचं पाणी टाकलं — आणि बुडबुडे! मीच जोडलेला सांधा. जुनं फाटकं पॅकिंगच मी परत बसवलं होतं. त्या फटीतून धूर बाहेर यायचा, पण धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवाही आत शिरत होती आणि सेन्सर तीच मोजत होता! पॅकिंग बदललं, स्क्रू पूर्वीच्या जागी आणला. काटा थरथरला, सरकला, बरोब्बर मध्यावर येऊन थांबला. मी ओरडलोच! बायको धावत खाली आली.

"सापडलं?"

"सापडलं!" मी अक्षरशः नाचत होतो.

"काय होतं?"

आणि त्याच आनंदात, श्वासही न घेता — "वानखेडेंनी सेटिंग बिघडवलं होतं."

तेच वाक्य मी कॅन्टीनमध्ये रंगवून सांगितलं. लोकांनी पाठ थोपटली. मी किती खूश होतो! रविवारी वानखेडेंकडे येणाऱ्या गाड्या हळूहळू थांबल्या. गॅरेज झालंच नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी नागपूरची वाट धरली. ट्रकमध्ये सामान चढत होतं. ते माझ्याजवळ आले.

"साहेब, त्या गाडीत शेवटी काय निघालं हो?"

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणीही नव्हतं.

"सेटिंगच," मी म्हणालो.

"असेल. माझेच कान गेले असतील आता."

त्यांचे कान शाबूत होते. मला ते माहीत होतं. मी त्यांची पान्यांची पेटी उचलली आणि ट्रकमध्ये ठेवून दिली.