आजोबांचं दुसरं बारसं

माझ्या आजोबांचं बारसं दोनदा झालं. पहिल्या वेळी ते बारा दिवसांचे होते आणि दुसऱ्या वेळी तिशीचे, चांगल्या झुपकेदार मिशा असलेले. ही थाप नाही. कोरेगावजवळच्या आमच्या गावात तेव्हा ज्याला विचारलं असतं त्याने ही गोष्ट पदरचं तिखटमीठ लावून सांगितली असती.

पहिल्या महायुद्धात आजोबा बसऱ्याच्या बाजूला लढायला गेले आणि तुर्कांच्या कैदेत सापडले. घरी ना पत्र, ना खबर. शेवटी भावकीने बसून ठरवलं की माणूस गेला. दिवस घातले, पिंड दिले, आजीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्यानंतर आठ महिन्यांनी आजोबा स्टेशनात उतरून चालत घरी आले. भटजी म्हणाले, पिंड दिलेल्या माणसाला असं घरात घेता येत नाही, त्याला नव्याने जन्माला घातलं पाहिजे. मग अंगणात पाळणा टांगून आजोबांना त्याच्याशेजारी बसवलं आणि कानात नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजीशीच पुन्हा लग्न लावलं. भटजींनी नवं नाव सुचवलं होतं. आजोबा म्हणाले, "नाव बदललं तर पलटन वळखनार न्हाई."

गाव हसायचं, मीही हसायचे. एकदा विहिरीवर बैलांना पाणी पाजताना मी अशीच हसले, तेव्हा आजोबा म्हणाले, "तुजी आजी कवाच हसली न्हाई त्याला." आजी मी रांगायला लागायच्या आत गेली होती. त्या आठ महिन्यांत तिला कुणी लग्नाकार्यात बोलावलं नाही, सकाळी ती समोर आली की बायका तोंड फिरवायच्या. आजोबा परत आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "तुमी आला. माजं आठ म्हैनं कुनी आनून दिलं?" एवढं सांगून आजोबांनी बैलांना घराकडे वळवलं.

पेन्शनीत येऊन वीस वर्षं झाली तरी फौज त्यांच्या अंगातून गेली नव्हती. सकाळी अंगणात "फालिन" म्हणून ओरडले की मी, कुत्रा आणि दोन्ही बैल रांगेत हवेत. माझी नखं तपासायचे, वेणी तपासायचे, एकदा तर बैलाचे खूरसुद्धा तपासले. मला संताप यायचा. पण परसात पाय घसरून मी पडले की तेच धावत यायचे आणि वर मलाच रागवायचे.

दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा माझे वडील आफ्रिकेच्या वाळवंटात गेले. मी चौथीत असताना पलटणीचं पत्र आलं. शाळेतल्या गुरुजींनी ते ओट्यावर उभं राहून वाचलं. वडील बेपत्ता आहेत, एवढंच त्यात होतं. आई दाराआड होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं आणि तांदूळ सगळीकडे पसरले.

पंधरा दिवसांनी वडूजकडचा एक जवान आला. वडिलांच्याच पलटणीतला, हाताला जखम होऊन घरी आलेला. त्याने भावकीसमोर सांगितलं की वडील गोळीबारात पडलेले त्याने बघितले. झालं, भावकीला एवढं पुरे होतं. एक म्हातारा तर तिथेच बोटांवर दिवस मोजायला लागला. आजोबा त्या जवानासमोर जाऊन उभे राहिले.

"गोळी कुटं लागली?"

"ते न्हाई दिसलं, आबा."

"गळ्यातला बिल्ला कुनी काढून आनला?"

"कुनीच न्हाई. आमाला मागं हटायचा हुकूम झाला."

"मग पडला म्हन. मेला कशाला म्हनतोस? मी बी पडलो हुतो गड्या."

जवान मान खाली घालून रडायला लागला. आजोबांनी त्याला जेवायला घातलं आणि भावकीला हात जोडले. "माज्या घरात आता दिवस घालायचं न्हाईत," ते म्हणाले.

भावकीने दिवस घातले नाहीत, पण दुसरी रीत धरली. आईला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. पाणवठ्यावर बायका तिच्या कपाळाकडे बघून गप्प व्हायच्या. सांगलीहून मामा तिला कायमची न्यायला आला, नेहमी आणायचा तशी हळकुंडांची पिशवी घेऊन. आजोबा म्हणाले, "पोरी, जायाचं तर जा. पन कुकू लावून जा, नि कुकू लावून ऱ्हा." आईने पिशवी ठेवून घेतली आणि मामाला एकट्यालाच गाडीत बसवून दिलं. त्या दिवशी मला आईचा फार अभिमान वाटला.

मग संक्रांत आली. आमच्याकडे कुणी येणार नाही हे उघड होतं. सकाळी आजोबांनी ट्रंकेतला फौजी कोट काढला, त्यावर मेडलं लावली, बूट चकचकीत केले, आणि एका हातात आईचा कुंकवाचा करंडा घेऊन मला म्हणाले, "चल." आम्ही घरोघर गेलो. हळदीकुंकवाचं आवतण द्यायला पुरुष गेलेला गावाने कधी पाहिला नव्हता. प्रत्येक दारात ताठ उभं राहून ते म्हणायचे, "आज आमच्या सूनबाईकडं हळदीकुकू हाय. यायला लागतंय." पोरं मागे हसत यायची. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं, पण मी त्यांचं बोट सोडलं नाही.

शेवटचं घर थोरल्या आजीचं होतं, आजोबांच्या मोठ्या भावाच्या विधवेचं. माझ्या आजीचं कुंकू पुसणारा हात तिचाच होता. आजोबा तिथे क्षणभर थांबले. "वैनी, तुमी बी या," म्हणाले आणि वळले.

दुपार कलली तरी कुणी आलं नाही. आई वाणाचं ताट पुढ्यात घेऊन बसली होती. हळद सांगलीची होती, घर तिच्या वासाने भरलं होतं. आजोबा ओट्यावर कोट घालूनच बसले होते, घामाने भिजलेले. मला भावकीचा एवढा राग आला होता की तिळगुळाची वाटी भिरकावून द्यावीशी वाटली.

तेवढ्यात थोरली आजी काठी टेकत आली. मागे तिच्या चारही सुना नटूनथटून होत्या. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"भावजी, पुसताना माजा हात हुता. लावायचा हक मला न्हाई. म्हनून ह्या चौघी आनल्यात." मग सुनांकडे वळून ओरडली, "बघता काय? लावा कुकू!"

चौघींनी आईला कुंकू लावलं. आई रडत होती आणि हसतही होती. घटकाभराने शेजारीण आली, मग तिची जाऊ, मग गल्लीच आली. हळद कमी पडली, मला दोनदा कुटायला बसवलं.

उन्हाळ्यात कार्ड आलं. वडील इटलीत कैदेत होते, जिवंत होते, पाय थोडा दुखावला होता. आजोबांनी ते कार्ड गुरुजींकडून तीनदा वाचून घेतलं.

लढाई संपल्यावर एका सकाळी वडील लंगडत दारात उभे राहिले. आई भाकरतुकडा ओवाळायला धावली. भावकीतला तोच म्हातारा काळजीने म्हणाला, "येवढी वर्सं गेलेला मानूस हाय. भटजीला इचारून पाळना टांगायचा का?"

आजोबा हसले, डोळे पुसत हसले. "पाळना कशाला? ह्याला आपल्या घरात कुनी मारलाच न्हाई."

मग त्यांनी आईकडे बघितलं. तिच्या कपाळावर सकाळचं कुंकू तसंच होतं.

"ह्या खेपंला," ते म्हणाले, "घरातल्या बाईचा एक दिस बी कुकवाबिगर गेला न्हाई."