लाडोबाचा बाप

काही माणसांना गप्प बसण्याचा पगार दिला तरी ते जमत नाही. पक्षीकेंद्रातला करकोच्यांचा राखणदार त्यांतला पहिल्या नंबरचा. त्याच्याकडून नोकरीत मागितलं होतं तरी काय? पांढरा झगा घाल, तोंड झाकेल असं टोपडं ओढ, हातात करकोच्याच्या डोक्याचं बाहुलं घे, त्याच्या चोचीतून पिल्लाला मासा भरव आणि तोंडातून ब्र काढू नकोस. बस, एवढंच. तेवढंही या महाशयांना झेपलं नाही.

त्याची बायको त्याच केंद्रात खाद्यघरात होती. दिवसभर मासे कापायची, धान्य भिजवायची, बादल्या भरून ठेवायची. नवऱ्याची सगळी नाटकं तिला तोंडपाठ होती. घरी याला पंख्याचं बटण कुठलं ते सापडत नसे, मुलगी शाळेत कोणत्या वर्गात बसते ते ठाऊक नसे, आणि बोलायला लागला की मात्र घड्याळ थकायचं. कुणी ऐकत नसे. मुलगी लग्न करून गेली तेव्हा जाताना म्हणाली, "बाबा, फोनवर थोडं कमी बोलत जा." त्याचाही त्यानं कौतुकाचा अर्थ लावला.

झग्याचा नियम डॉक्टरीणबाईंचा. पक्ष्यांच्या डॉक्टर, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं होतं, की करकोच्याचं पिल्लू जन्मल्यावर ज्याचं तोंड पुन्हा पुन्हा बघतं, त्याच्याच जातीचे आपण असं मनाशी धरून बसतं. एकदा धरलं की धरलं. माणसाचं तोंड बघितलं तर ते स्वतःला माणूस समजणार आणि मोठं झाल्यावर जोडीदारही माणसांतच शोधणार. आणि या जातीला असली चूक परवडणारी नव्हती. तळी बुजवली, गवताळ रानं नांगरली, उरलेल्यांना हौशी बंदूकवाल्यांनी टिपलं. ज्या तळ्यावरून हे शेवटचं अंडं उचलून आणलं, तिथं आता बंगले आहेत, आणि बंगल्यांच्या कमानीवर करकोच्याचं चित्र काढलंय. लाज कोळून प्यायलेली माणसं अशीच असतात.

तर त्या अंड्यातून पिल्लू निघालं. नर. डॉक्टरीणबाई कसल्याशा बैठकीला परगावी गेल्या आणि इकडे याला झग्यात उकडायला लागलं. टोपडं काढलं त्यानं. पिल्लानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, घशातल्या घशात गुरगुरलं आणि दोन काटक्यांसारख्या पायांवर धडपडत त्याच्याकडे आलं. झालं! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं पूर्ण ऐकून घेत होतं. मग काय विचारता, याची टकळी सुरू झाली. बालपण, नोकरी, सासुरवाडीनं केलेले अपमान, सगळं त्या पिल्लानं ऐकलं. झगा खुंटीला गेला तो गेला.

बाई परत आल्या तेव्हा पिल्लू त्याच्या मागं मागं आवारभर हिंडत होतं. बाईंचा चेहराच उतरला.

"काका, हे काय केलंत तुम्ही?"

"बाई, बिनआईचं लेकरू आहे. बाहुल्याला माया कुठून येणार?"

मायेचं नाव घेतलं की कुठलीही गाढवगिरी खपते, हे त्याला उपजत कळत होतं. बाई तावातावानं साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख, खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे. पण तोवर वर्तमानपत्रात फोटो आला होता, 'करकोच्याचा बाप' म्हणून. तिकिटाच्या खिडकीवर रांग लागली होती. साहेब म्हणाले, "बाई, लोकांना शास्त्र नको असतं, प्रेम हवं असतं. जरा धीर धरा." बाई मूग गिळून बसल्या. तेवढं एक त्यांचंही चुकलंच.

पिल्लाचं नाव पडलं लाडोबा, आणि याचा झाला लाडोबाचा बाप. सत्कार झाले. चषक घरी आले आणि कपाटात मावेनात म्हणून बायकोच्या शिवणयंत्रावर येऊन बसले. शाळाशाळांतून हा भाषणं ठोकू लागला. "मुलांनो, प्राणी नियमांवर जगत नाहीत, मायेवर जगतात." टाळ्या. बायको खाद्यघरात माशाचं डोकं उडवताना म्हणायची, "घरात मायेचा दुष्काळ आणि बाहेर पाणपोई."

लाडोबा भरात आला. सहा फूट उंच, पांढराशुभ्र, देखणा. हंगाम सुरू झाला की पंख पसरायचा, मान लववायचा आणि उंच उड्या मारायचा. करकोचे जोडीदाराला असंच नाचून रिझवतात. लाडोबा नाचायचा तो राखणदारासमोर. आणि हा गृहस्थ, पोट सावरत, हात पसरून त्याच्यापुढं वाकायचा. बघे मोबाइल काढायचे. पोराचा आणि बापाचा खेळ चाललाय असंच सगळ्यांना वाटायचं. बाई तेवढ्या पाठ फिरवून निघून जायच्या.

मग मादी आली. दुसऱ्या देशातल्या अशाच एका केंद्रानं मोठ्या मिनतवारीनं दिलेली. या जातीत अंडं घालण्याच्या वयाची तेवढी एकच उरली होती, बाकीच्या म्हाताऱ्या. हिचं आणि लाडोबाचं जमलं तर जात पुढं चालणार, नाहीतर संपली. सरळ हिशेब. बाईंनी राखणदाराला बोलावलं.

"काका, आता त्याला तुमचं तोंड दिसायचं नाही. आवाजही कानावर पडायचा नाही. तुम्ही बदकांच्या तळ्यावर काम करा. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी करा."

त्याला बदकांकडे धाडलं म्हणजे जणू राज्यच गेलं. रोज घरी येऊन धुसफूस. बदकं काय, कुणाचंही खातात, इमान म्हणून नाही. इकडे बाई स्वतः झगा आणि टोपडं घालून करकोच्यांना खाऊ घालायच्या. आधी लाडोबानं मादीकडे ढुंकून बघितलं नाही. जवळ आली की चोच उगारायचा. जाळीपाशी उभा राहून बदकांच्या तळ्याच्या दिशेनं हाका मारायचा. हळूहळू हाका कमी झाल्या. मग एकाच पाण्यात दोघं उभी राहायला लागली. मग एक दिवस दोघांनी माना आभाळाकडे करून एका सुरात साद घातली. जोडी जमल्याची ती खूण. बाई टोपडं काढून खाद्यघरात आल्या, पालथ्या बादलीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. राखणदाराची बायको हातातली सुरी ठेवून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिलाही भरून आलं होतं.

इथंच सगळं संपलं असतं तर बरं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा घरचाच रोग. संध्याकाळी ताट वाढताना ती म्हणाली, "अहो, जमलं तुमच्या लाडोबाचं."

तो खाली बघून भात कालवत राहिला. तिला ते सहन झालं नाही. इतकी वर्षं ऐकवलेलं सगळं आता व्याजासकट परत करायची संधी होती.

"विसरला बरं का तो तुम्हाला. नवरा झाला ना आता, बाप कशाला लागतोय?"

"माझा आवाज ऐकला तर अजून धावत येईल."

"पुरे झाल्या फुशारक्या. आज बदकंसुद्धा ओळखत नाहीत तुम्हाला."

सकाळी तो तिच्याआधीच घरातून निघाला. ती खाद्यघरात पोचली तेव्हा खिडकीतून तिला तो दिसला, करकोच्यांच्या जाळीला चिकटून उभा. झगा नाही, टोपडं नाही, आणि तेल लावून भांग पाडलेला. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी त्यानंच हाक मारली.

"बाळा."

एवढंच म्हणाला. लाडोबानं मान वळवली. मादीला सोडून लांब लांब ढांगा टाकत जाळीकडे आला, पंख पसरले, मान लववली. आणि या मूर्खानं, या कौतुकाला हपापलेल्या म्हाताऱ्या मूर्खानं, हात पसरून वाकून उत्तर दिलं. मादी मागून आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. कुठलीही बायको राहिली असती तशी. लाडोबानं चोच मारली. नेम डोळ्यावर होता. दुसऱ्या घावाला ती पाण्यात कोसळली. बाई धावत आल्या तोवर तिची मान पाण्यात लोंबत होती आणि लाडोबा जाळीपुढं नाचतच होता.

"मी काही केलं नाही हो," तो म्हणत राहिला. "एक हाक मारली फक्त."

बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांनी आठवड्याभरात नवी पाटी लावली, 'जगातला शेवटचा तरुण नर', आणि तिकिटाचा दर वाढवला. वर्तमानपत्रात पुन्हा फोटो आला, खाली लिहिलेलं, 'सुनेच्या मृत्यूनं बाप हळहळला'. बायकोनं ते पान त्याच्यासमोर आपटलं.

"बाप? अहो, बाप कसले तुम्ही? त्या बिचारीची सवत होतात."

तो ऐकत होता. उलट एक शब्द बोलला नाही. डिवचलं कुणी होतं, आदल्या संध्याकाळी ताटावर कोण काय बोललं होतं, हे त्यानं तिलाही ऐकवलं नाही आणि चौकशीत बाईंनाही सांगितलं नाही. नको तेव्हा आयुष्यभर बडबडलेला माणूस नेमका इथं गप्प बसला.

आता लाडोबा दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही. झगेवाल्यांनी पुष्कळ खटपट केली, तो उपाशी राहिला. म्हणून निवृत्त झाल्यावरही राखणदाराला रोज सकाळी बोलावतात. तो जाळीत जातो. लाडोबा पंख पसरतो, मान लववतो. समोरून तसंच उत्तर मिळाल्याशिवाय मासा घेत नाही. मग गुडघे धरत, कण्हत, तोही नाचतो. जाळीबाहेर माणसं खिदळतात, मुलं नकला करतात. एकेकाळी त्याला हे सगळं आवडायचं. आता तो कुणाकडे बघत नाही, बोलतही नाही, नाच संपला की बादली उचलून निघून जातो.

बायको खाद्यघराच्या खिडकीतून बघते. पूर्वी अशा वेळी तिला एकाहून एक झणझणीत शब्द सुचायचे. आता ती त्याच्यासाठी मासे कापते, काटे काढून बादलीत टाकते, आणि तो बादली न्यायला दाराशी आला की त्यानं एकदा तरी त्या संध्याकाळचं आपल्याला बोलून दाखवावं म्हणून वाट बघत उभी राहते.

तो बादली उचलतो आणि जातो.