पहिला पाठ वाचेल ती

आमच्या घरात आरसा नव्हता. भांग बोटांनी चाचपून पाडायचा, आणि तो वाकडा पडला हे शाळेतली पोरं हसली की कळायचं. पालघर स्टेशनाकडून केळवे-माहीमच्या रस्त्याला लागलं की ताडांच्या मागे मिशनची शाळा होती. तिला लागून दोन खोल्यांचं कौलारू घर, आणि त्यात आम्ही दोघी. मी शाळेत शिकवायची. मावशी मिशनची प्रचारक बाई, पांढऱ्या लुगड्यात गावोगाव फिरून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. सख्खी मावशी नव्हे. देवीच्या साथीत माझे आईबाप गेले तेव्हा तिनं मला उचलून घरी आणलं. मी पाच वर्षांची होते. माझा जीव वाचला, तोंड तेवढं वाचलं नाही.

आरसा का नाही असं विचारलं की मावशी म्हणायची, "आरशात बगून कुनाचं पोट भरलंय? देव आतलं बगतो." ती किनाऱ्यावरच्या गावातली, म्हावरं सुकवणाऱ्या घरातली. मिशनमध्ये चाळीस वर्षं काढूनही तिची बोली हलली नव्हती. तिच्या मते गर्व हे बायकांचं पहिलं पाप, आणि आरसा त्याचा दलाल. मी हे मान्य करून मोठी झाले. न मानून करणार काय? दुसरं घर होतं कुठे!

शाळेच्या कपाटात जुन्या ख्रिस्ती कादंबऱ्या होत्या. कुठली रोमच्या बादशहाच्या काळातली, कुठली धर्मयुद्धातली, एकदोन आपल्याच किनाऱ्यावरच्या. त्यांत प्रेम असायचं, पण प्रार्थनेत गुंडाळून दिलेलं. मावशीची नजर अधू होत चालली होती, म्हणून शाळा सुटली की ओट्यावर बसून मी मोठ्यानं वाचायची आणि ती ऐकताऐकता तांदूळ निवडायची.

मला त्या नायिकांचा भयंकर राग यायचा. लेखक आधी सांगणार की ती अगदी साधी होती, रूपाचा तिला गर्व म्हणून नव्हता. आणि पुढच्याच ओळीत टपोरे डोळे, गुडघ्यापर्यंत केस, केतकीसारखा वर्ण! मी पुस्तक मिटून म्हणायची, "मावशी, हिला गर्व नसायला काय जातंय? हिच्या रूपाची काळजी अख्खा गाव करतोय."

"वाच गं पुढं. वटवट नको." पण ती हसायची.

एक कादंबरी मात्र माझी होती. गोष्ट पोर्तुगीज काळातली, केळव्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीतली. तिथली एक मुलगी फार देखणी आणि तितकीच नखरेल, गोव्याहून आणलेल्या आरशासमोरून उठत नसे. एका ख्रिस्ती तांडेलाचा तिच्यावर जीव. तो गलबत घेऊन दूर गेलेला असतो, तेव्हा गावात देवी येतात आणि तिचं तोंड वणांनी भरून जातं. लेखकानं ठासून लिहिलं होतं की हे गर्वाचं शासन. इथं मी दर वेळी भडकायची. पाच वर्षांच्या पोरीनं कसला गर्व केला होता, डोंबलाचा? लाल रिबिनीचा?

"लिवनाऱ्याला काय ठावं," मावशी म्हणायची. "पुढं वाच."

पुढं ती मुलगी आरसा फोडते, पदर तोंडावर ओढून आजाऱ्यांची सेवा करते. मग एका सकाळी तांडेलाचं गलबत किल्ल्याखालच्या वाळूला लागतं. तो तिच्या दाराशी येऊन उभा राहतो, आणि तिथंच पुस्तक संपतं. शेवटची पानं नव्हतीच. वाळवीनं खाल्ली, असं मावशीनं सांगितलं होतं. पण शेवट तिला तोंडपाठ होता. तो तिचा पदर बाजूला करतो, वणांसकट तोंड नीट बघतो आणि म्हणतो, चल, चर्चमध्ये पाळक वाट बघतायत.

"वण जातात का गं तिचे?" लहानपणी मी हटकून विचारायची.

"कशाला जातील? तसेच ऱ्हातात. त्याला कुठं नडतात?"

बाकीच्या सगळ्या कादंबऱ्या खोट्या असल्या तरी चालेल, एवढा एक शेवट खरा असावा असं मला वाटायचं. फार वाटायचं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं आणि बोईसरची कळाच बदलली. जिथं मीठ-मिरचीचं एक दुकान होतं तिथं स्नो-पावडरचे डबे मांडलेली दुकानं आली, बाजारात हिंदी ऐकू यायला लागली. त्या कामावर स्टोअरमध्ये एक गृहस्थ लागला होता, मूळचा नगरकडचा, ख्रिस्ती, एकटा. त्याला लग्न करायचं होतं. आमच्या पाळकांनी माझं नाव सुचवलं. मी पंचविशी ओलांडली होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझ्या लग्नाला तोवर एकही विघ्न आलं नव्हतं, कारण कुणी विचारायलाच आलं नव्हतं.

आमच्या चर्चच्या मंडळीत मुलगी दाखवायची रीत निराळी होती. पोहे नाहीत, पाट नाही, 'चालून दाखव' नाही. मुलीला रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायला सांगायचं. पाहुणा पुरुषांच्या बाजूला बसून बघणार, ऐकणार आणि गुपचूप निघून जाणार. नापसंत पडली तरी मंडळीत कुणाला पत्ता नको, मुलीची मान खाली जायला नको. दर रविवारी दोन पाठ असत, दोन जणी वाचत. पाहुण्याला पाळक आधी सांगून ठेवत, कितवा पाठ वाचेल ती. माझ्याकडे पहिला होता, आणि दुसरा मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे.

आदल्या दिवशी खडू आणायला म्हणून मी बोईसरला गेले आणि पावडरचा सगळ्यात लहान डबा घेतला. तो तांदळाच्या डब्यामागे लपवला. सकाळी मावशी विहिरीवर गेली तशी बादलीतल्या पाण्यात वाकून तोंडाला पावडर फासली. पाणी हलत होतं, त्यात काही धड दिसेना. काय झालं कोण जाणे, मला एकदम ती केळव्याची मुलगी आठवली. तिनं कुठं काय फासलं होतं? त्यानं पदर बाजूला केला तेव्हा जे होतं तेच त्यानं पाहिलं. मी ओल्या पदरानं तोंड खसाखसा पुसलं आणि तशीच चर्चला गेले.

दाराशीच नर्सबाई घाईघाईनं पाळकांना म्हणाल्या, "दवाखान्यात बाळंतपणाची बाई अडलीय. मी आधी वाचून निघू का?" पाळक म्हणाले, "जा जा, वाचून जा." बाळंतीण अडलेली असताना दुसरं कोण काय म्हणणार? नर्सबाईंनी पहिला पाठ वाचला आणि बाजूच्या दारानं गेल्या. दुसरा मी वाचला. तो नेमका बायकांच्या शृंगाराविषयीचा होता, दागिन्यांनी नव्हे तर मनाने सजावं अशा अर्थाचा. वाचताना एकदाच मान वर केली. पांढऱ्या शर्टातला पाहुणा मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होता. तोंडाकडे बघत नाही, नुसतं ऐकतोय! असा माणूस पुस्तकाबाहेर असतो हे मला ठाऊक नव्हतं.

आठवड्याच्या आत पाळक सायकलवरून आले. अंगणातूनच ओरडले, "पसंत आहे! म्हणाला, वाचणं गोड आहे आणि चेहऱ्यावर मोठी शांती आहे."

चेहऱ्यावर! माझ्या चेहऱ्याविषयी कुणी चांगलं बोललेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मावशीनं माझे दोन्ही हात धरले आणि ती रडायला लागली. मी नाही रडले. मी हुरळले, अगदी मेंढीसारखी हुरळले. पोरांना उजळणी शिकवताना गाणी म्हणायला लागले. केळव्याला एका पोराच्या घरी जायचं निमित्त काढलं आणि परतताना किल्ल्याखालच्या वाळूत उगाच उभी राहिले. होड्या ओढून ठेवल्या होत्या, कोळणी सुकत घातलेले बोंबील उलटत होत्या. एकीनं विचारलं, "काय गो बाय, कुनाची वाट बगतंस?" मी हसले. तिला सांगायला माझ्याकडे काहीतरी होतं, एवढ्यानंच बरं वाटत होतं.

बोलणी करायला तो थोरल्या वहिनीला घेऊन आला. पाळक मागाहून येणार होते. मावशी चुलीपाशी होती, म्हणून मीच पाणी घेऊन ओट्यावर गेले. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. त्यानं तांब्या घेतला, माझ्याकडे नीट, सरळ पाहिलं. चांगले डोळे होते त्याचे. मग त्यानं माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली आणि आदबीनं विचारलं,

"ताई, मुलगी कुठे आहे?"

काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "बोलावते हं." आणि आत गेले.

आत जाऊन मी तांदळाच्या डब्यापाशी बसले. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. पाळकांची सायकल आली. थोडं हसणं झालं. मग पाळकांचा आवाज खाली गेला, "पहिला पाठ म्हणालो होतो खरा..." आणि मग, "अरे देवा." तो गृहस्थ सारखा माफी मागत होता. वाईट नव्हता हो तो माणूस. पसंत केलेली मुलगी वाचून गेल्यावर दुसरीकडे बघू नये म्हणून त्यानं मान खाली घातली होती, एवढा सभ्य. नर्सबाईंचं लग्न आधीच दुसरीकडे ठरलेलं होतं, म्हणजे त्यालाही काही मिळालं नाही. वहिनीनं चहा तसाच ठेवला. फाटक वाजलं.

मावशी आत आली. मी तिला रडूही दिलं नाही. केळव्याचं ते पुस्तक काढून तिच्यापुढं आपटलं. "खरं सांग. हिचा शेवट काय होतो?"

तिनं पुस्तकाच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "प्रार्थना करतात दोगं. आनि वण जातात. पयल्यापेक्षा देखनी व्हते ती."

"आणि पानं?"

"वाळवी नाय. मी फाडली. तू घरात आलीस तवाच."

मी वर पाहिलं. खिडकीशेजारच्या भिंतीत एक खिळा होता. लहानपणापासून मी त्यावर शाळेची पिशवी अडकवत आले होते. त्याच्याखाली चुन्याचा एक चौकोन बाकीच्या भिंतीहून पांढरा होता. इतकी वर्षं तो रोज दिसत होता, आणि त्याचा अर्थ मला आता लागला.

"आरसा पण तेव्हाच काढलास?"

"ट्रंकेत हाय," ती म्हणाली. "तू पोर, तापातून उठलेली. तोंडाला हात लावून लावून रडायचीस. म्हटलं, हिला दिसाया नको."

म्हणजे गर्व नव्हताच. पाप नव्हतं, शास्त्र नव्हतं. माझं तोंड मला दिसू नये म्हणून एका बाईनं अख्खा धर्म उभा केला होता. मला तिची माया कळत होती. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं की माझ्यावर जीव टाकणाऱ्या एकुलत्या एका माणसालाही या तोंडाची भीती वाटली होती. मी तिला तसं म्हटलं. "तूसुद्धा ना गं मावशी?" त्या दिवसाइतकं एकटं मला आईबाप गेले तेव्हाही वाटलं नसेल.

आरसा मी काढला. पारा कडेनं उडालेला, पण मधे शाबूत होता. खिळ्यावर टांगला आणि समोर उभी राहिले. वण होते. नाक बरं होतं. भांग वाकडा होता, तो सरळ केला.

मला पुन्हा पाठ वाचायला कुणी बोलावलं नाही. पाळकांना माझ्याकडे बघवत नसे. मावशीशी मी पुष्कळ दिवस कामापुरतं बोलत होते, पण दोन खोल्यांत दोघींनी किती काळ रुसायचं? तारापूरच्या कामावरचे दिवे लांबून दिसायला लागले, तोवर तिची नजर पुरती गेली होती. मग ती पुन्हा म्हणायला लागली, "वाच गं कायतरी." आणि कपाटातलं दुसरं काही काढलं की, "ते नको. केळव्याचं वाच."

मी वाचायची. गलबत वाळूला लागायचं, तो दाराशी यायचा, पानं संपायची. पहिल्या खेपेला मी तिथंच पुस्तक मिटलं. तिनं आंधळे डोळे माझ्याकडे वळवले.

"पुढं?"

"पुढं काय, तुला पाठ आहे ना?"

"माझं नको. तू सांग."

मी भिंतीवरच्या आरशाकडे पाहिलं. म्हटलं, "तो दाराशी येतो. ती पाणी घेऊन बाहेर जाते. तो तिच्याकडे बघतो आणि विचारतो, ताई, मुलगी कुठे आहे?"

मावशीचा तांदळातला हात थांबला. "मंग?"

"मग ती म्हणते, मीच."