माघारी वळवलेली तुकडी

थर्स्बी घराण्यातल्या धाकट्या मुलाने घोडदळात जायचं, हे ठरलेलंच असे. एव्हरार्ड नीट चालायला लागण्याआधी खोगिरावर बसला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात कॅप्टन म्हणून गेला. तिथे एका टेकडीवर चालून जायचा हुकूम आला. समोर काटेरी तारा, तारांमागे बंदुका. एव्हरार्डने एकदा पाहिलं आणि आपली तुकडी माघारी वळवली. शेजारची तुकडी हुकमाप्रमाणे गेली आणि तारांपाशीच संपली. तरी नाव बद्दू झालं ते एव्हरार्डचंच.

घरी परतल्यावर वडील, म्हातारे अर्लसाहेब, जेवताना एवढंच म्हणाले, "मेला असतास, तर चर्चमध्ये नावाची पाटी तरी लावता आली असती."

एव्हरार्डने ताटातलं मटण कापलं.

पुढे थोरल्या भावाने गळ घातली म्हणून तो निवडणुकीला उभा राहिला. होल्मविक गावच्या धान्यबाजारात सभा भरली. बार्लीच्या भावावर तो अडखळत बोलत होता, तेवढ्यात ग्रिमवेड खाटीक ओरडला, "कॅप्टनसाहेब, पार्लमेंटच्या दारातनं पण घोडा वळवणार काय?"

सगळा बाजार खदखदला. एव्हरार्डचे कान तापले. पहिल्याच रांगेत त्याच्या कर्नलची विधवा बसली होती. तो हुकूम तिच्या नवऱ्याचा. तिच्यादेखत मेलेल्या माणसाला काय बोल लावायचा?

"हो, वळवला," तो म्हणाला. "तशीच वेळ आली तर पुन्हा वळवीन."

मग मागून सायलस स्केल्टन नावाचा नांगऱ्या उठला. "ग्रिमवेड, मी होतो यांच्या तुकडीत! दर शनिवारी तुझ्याकडनं मटण नेतो ना? मेलेलं गिऱ्हाईक नेतं होय रे?"

या वेळचं हसू ग्रिमवेडवर होतं.

ती निवडणूक एव्हरार्ड हरला. त्याच्याच वर्गातले बडे लोक मत द्यायला न जाता घरी बसले होते. पुढची जिंकला. पार्लमेंटात तो क्वचितच बोलायचा. लढाईची भाषा सुरू झाली की मात्र उठायचा आणि विचारायचा, "समोर काय आहे, ते कुणी पाहून आलंय का?" पक्षातले लोक कपाळाला आठ्या घालायचे.

मंत्रिपद त्याला कधीच मिळालं नाही. होल्मविकने त्याला म्हातारपणापर्यंत निवडून दिलं. ग्रिमवेडने मात्र दर वेळी विरोधात मत दिलं, तेही तोंडावर सांगून.