देवीच्या कळ्या आणि दादाचा हात

माझा दादा गेला तेव्हा सगळं बंदर रडलं. रडेल नाहीतर काय! फुकटची करमणूक गेली मेल्यांची.

रत्नागिरीच्या धक्क्याजवळ दादाचं पानसुपारीचं दुकान होतं. आगबोटीची वाट बघत माणसं तिथे टेकायची आणि दादा त्यांच्या नाकासमोर सुपारी नाहीशी करायचा. मूठ उघडली की रिकामी, आणि सुपारी निघायची बघणाऱ्याच्याच टोपीतून. ना पेटी, ना पडदा, ना मंतर. नुसते दोन हात. "तोंड बोलू दे, हात गप्प हवा," असं म्हणायचा. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे सगळा सराव माझ्यावर. मी चोरी पकडली की खूश व्हायचा, मग माझ्याकडून तीच युक्ती करून घ्यायचा.

समाचाराला आलेले हेच उगाळत बसले. "काय हात होता! देवमाणूस गेला!" आमच्याच ओटीवर बसून, आमचीच पानं खाऊन. आत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ह्याच देवमाणसाच्या बहिणीला ह्याच लोकांनी एकदा घराबाहेर काढायचा घाट घातला होता.

माझा नवरा वारला आणि मी माहेरी आले, तेव्हाची गोष्ट. धाकटा दीर नाटे गावाहून मला सासरी न्यायला आला. त्याला वहिनी कुठे हवी होती? मासळी सुकवायला बिनपगारी मोलकरीण हवी होती. हात उगारायची सवय होती ती वेगळीच. दादा नाही म्हणाला. गावकीवाले म्हणाले, हिला माहेरी ठेवायचं का, असा देवीला कौल लावूया. आमच्याकडे अडलं की देवीला विचारायचं. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि दगडी मूर्तीला दोन ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ज्याचं काम त्याने तबक धरायचं आणि आधी उजवी, मग डावी कळी गुरवाच्या हातात द्यायची, ही रीत.

दादाने तबक धरलं. कुणाची तरी फिरकी घेतली, देवळात हशा पिकला. उजवी कळी पटकन पडली आणि मी माहेरी राहिले. परत येताना पाणंदीत दादा थांबला आणि त्याने मूठ उघडली. तबकातल्या दोन्ही कळ्या त्याच्या तळहातावर! देवीच्या अंगावर होत्या त्या दादाने घरून आणलेल्या, उजवीला खोबरेल चोळलेलं आणि डावीला भाताची पेज.

आता दादाच्या तेराव्याचं जेवून सगळ्यांनी ढेकर दिली, आणि दीर ओटीवर उभा राहिला. "तेव्हा भाऊ होता म्हणून देवी होय म्हणाली. आता भाऊ नाही. परत विचारा." देवमाणूस देवमाणूस करणारे सगळे माना डोलवायला लागले. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे! एक म्हातारा तर मला म्हणतो, "देवीला विचारण्यात वाईट काय गो बाय?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "पण काम माझं, तबक मी धरणार."

बाईमाणसाने धरायचं म्हणून कुरकुर झाली. मी विचारलं, "मार कोण खाणार, मी की तुम्ही?" मग देवळात तबक माझ्याच हातात आलं.

दादा लोकांना हसवून त्यांचे डोळे फिरवायचा. मला जन्मात कुणाला हसवता आलं नाही. मला भांडता येतं. गाऱ्हाणं संपलं, "होय म्हाराजा" झालं, गुरवाने कळीसाठी हात पुढे केला, तशी मी दिरावर कडाडले. "भावोजी, माझा नवरा, तुमचा भाऊ, तापाने फणफणला होता, तेव्हा त्याची होडी घेऊन कुठे पळाला होतात? सांगा देवीसमोर!" सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो ततपप करायला लागला. "गप गो!" कुणीतरी ओरडलं. मी कसली गप्प बसते! त्याच्या सात पिढ्या काढल्या. हात मात्र गप्प होता.

उजवी कळी पडली. दीर पाय आपटत निघून गेला आणि तोच म्हातारा मला म्हणाला, "देवी पावली हो तुला." मी रिकामं तबक त्याच्याच हातात कोंबलं आणि निघाले.

पाणंदीत आले. दादा थांबला होता तिथेच थांबले आणि मूठ उघडली. तबकातल्या कळ्या चुरगळून काळ्या पडल्या होत्या. दादाच्या मुठीत तशाच टवटवीत राहिल्या होत्या. तेरा दिवस त्या ढोंग्यांसमोर मी टिपूस काढलं नव्हतं. तिथे गडग्याला टेकून हंबरडा फोडला. मूठ एवढी आवळायची नसते गो, म्हणाला असता दादा. मला ते ऐकायचं होतं.