लान्सिंगचा नकार

कुणाच्याही घरी भांडण झालं की ब्रसेल्समावशी त्यावर युरोपातला दाखला द्यायच्या. जावाजावांचं पटत नसो, नाहीतर भावाभावांत घरावरून वाजलेलं असो. "नाणं एक आणि तिजोऱ्या वेगळ्या ठेवल्या, की एकाची उधळपट्टी दुसऱ्यानं निस्तरायची," असं त्या पोळ्या लाटता लाटता सांगायच्या. लग्नाआधी दोन वर्षं त्या ब्रसेल्सला शिकायला होत्या आणि आता मिशिगनमधल्या एका कॉलेजात युरोपियन युनियन हा विषय शिकवत होत्या, म्हणून हे नाव. मी नागपूरहून व्हिसावर तिथल्याच ट्रॉय गावी आले, तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि शेतीच्या सबसिडीवरून फ्रान्स सगळ्यांशी का भांडतो, ते समजावलं. मला त्यातलं वरण तेवढं कळलं.

त्यांचे यजमान विनायककाका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर दर वर्षी तेच करायचे आणि पहिल्या आरतीचा मान त्यांचा असायचा. २००१ साली त्यांची नोकरी गेली. त्या वर्षी आमचे अध्यक्ष नाना भर सभेत हसत म्हणाले, "विनायकराव, आरती यंदा जॉबवाल्यांना करू द्या. तुम्ही सध्या फ्रीच आहात, खुर्च्या लावा!" चारजण हसले. काका उठले आणि खुर्च्या लावू लागले. मावशी ताटात दूर्वा निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. त्या हसणाऱ्या चौघांची नावं मला अजून पाठ आहेत.

पुढे काकांना तासाभरावरच्या लान्सिंगला बेताची नोकरी मिळाली आणि दोघं तिकडे गेली. तिथल्या आठ-दहा मराठी घरांचं मावशींनी एक मंडळ काढलं.

२००४ मध्ये नानांना मोठी हौस आली. उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांचं अधिवेशन आपल्याकडे भरवायचं आणि त्याचे संयोजक स्वतः व्हायचं. त्यासाठी आसपासच्या मंडळांचा महासंघ हवा होता. नदीपलीकडचं, कॅनडातलं विंडसरही त्यात येणार होतं. दोन देशांची संघटना म्हटल्यावर घटना लिहायला मावशींशिवाय कोण? नानांनी स्वतः फोन केला. खुर्च्यांचा प्रसंग त्यांच्या लक्षातही नव्हता. अपमान करणाऱ्याला असं विसरण्याचं सुख असतं, आणि त्याचा मला फार संताप येतो.

त्याच वर्षी युरोपियन युनियनमध्ये दहा नवे देश आले होते. "एका दिवसात दहा सुना घरात आल्या. आता प्रत्येकीला विचारून आमटी करायची म्हटलं, तर चूल पेटायची नाही," असं मावशी वर्गात शिकवायच्या. माल्टाएवढा देश जर्मनीला अडवू शकतो, हे युनियनचं सगळ्यात जुनं दुखणं, असं त्यांचं ठाम मत होतं. तेच दुखणं त्यांनी आमच्या घटनेत जसंच्या तसं घातलं.

चोरून नाही घातलं. सभेत उभं राहून, चष्मा लावून, स्वच्छ वाचलं: कोणत्याही मोठ्या निर्णयाला प्रत्येक मंडळाची संमती हवी. पण मागच्या टेबलावर बटाटेवड्यांच्या ट्रेवरचा फॉइल निघाला होता. आमच्या लोकांनी आजवर कुठली घटना ऐकली आहे? टाळ्या वाजल्या. "वा वहिनी, एकदम युरोपियन!" म्हणत नानांनी सही ठोकली.

पहिल्याच बैठकीत नानांचं नाव संयोजक म्हणून पुढे आलं. सगळ्यांचे हात वर. मावशींनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "लान्सिंगचा नकार." पुढच्या बैठकीतही तेच. आवाज चढवला नाही, कारण दिलं नाही. नानांचा चेहरा दर वेळी उतरायचा आणि मी घरी येऊन शिरा करायचे.

शेवटी नाना वैतागले. "वहिनी, अख्खी रीजन तुमच्यासाठी होल्डवर आहे! तुम्हाला पाहिजे काय नक्की?"

"यांची माफी. माईकवरून, सगळ्यांसमोर."

"कसली?" मग त्यांना आठवलं. "अहो, तो जोक होता यार!"

"मग जोक केला होता असंही सांगा, आणि माफी मागा."

नानांनी मागितली नाही. माफी मागितली तर अध्यक्ष कसला, असं ते मागून म्हणाल्याचं कानावर आलं. काका मात्र बायकोची समजूत घालायचे, "अगं, सोड ना आता." त्यावर मावशी म्हणायच्या, "तुम्ही सोडा. तुमचं मन मोठं आहे. माझं बेताचंच आहे." त्याच सुमारास फ्रान्स आणि हॉलंडच्या लोकांनी युनियनची नवी घटना मतदानात फेटाळली. आयुष्यभर युनियनची बाजू मांडलेल्या मावशी टीव्हीसमोर बसून म्हणाल्या, "यांना वाटलं, लोक हो म्हणणारच. गृहीत धरलं की असं होतं." त्या हळहळत होत्या, पण डोळे चमकत होते.

अधिवेशन दुसऱ्या राज्यात गेलं. महासंघ नावापुरता उरला.

२००७ च्या हिवाळ्यात अंगणातला बर्फ काढताना काका कोसळले. लान्सिंगच्या चर्चच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. नाना आले आणि माईक घेऊन म्हणाले, "विनायकरावांना मी एकदा नको ते बोललो होतो. आज सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो."

मावशी उठल्या. "नाना, खाली बसा. ज्यांनी ऐकायची, ते सहा वर्षं तुमच्यापासून तासाभरावर होते. मला तुमची माफी नको."

नाना बसले. परतताना गाडीत एक बाई म्हणाल्या, अशा वेळी तरी मावशींनी मोठं मन दाखवायला हवं होतं. मी म्हटलं, मोठं मन दाखवायची पाळी नेहमी खुर्च्या लावणाऱ्यांवरच का येते? त्या बाई नंतर माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. बरंच झालं, हसणाऱ्या चौघांतल्या त्या एक होत्या.

दुसऱ्या वर्षी मावशी घर विकून पार पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला लेकीकडे निघाल्या. मी पुस्तकं खोक्यात भरायला गेले होते. काकांचे कोट कुणाकुणाला देऊन झाले होते, भिंती मोकळ्या झाल्या होत्या. चहा पिताना मी भीत भीत विचारलं, "मावशी, नानांवरचा राग गेला का हो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "जाऊ कसा देऊ गं? यांच्यासाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलंय."